‘नाही’वर टिक केली की झालं?

सकाळपासून डोकं तापलंय. एका औषधाची भलामण करणारा संशोधनाचा पेपर वाचला. शेवटी ठसठशीत छापलंय, ‘लेखकांचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत.’ आणि मुख्य लेखक त्याच कंपनीच्या सल्लागार मंडळावर! परिषदेत बोलताना पहिल्याच स्लाइडवर हे सांगतो, जर्नलचा, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाचा, ‘हितसंबंध आहेत का?’ विचारणारा फॉर्म भरताना बरा विसरतो.

मागे माझ्याकडे रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी तपासायला, एका जवळच्या सहकाऱ्याचा पेपर आला होता. आम्ही एकत्र लेखन केलेलं. संपादकांना कळवलं, हा मला देऊ नका. उत्तर आलं, ‘तुमच्यावर विश्वास आहे, करून टाका.’ अहो, मी प्रामाणिकच आहे! पण मित्राच्या पेपरातली चूक मला दिसलीच नसती तर? मी नकार दिला.

१९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये साखरेला झुकतं माप देऊन हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडणारा लेख आला. पैसे साखर उद्योगाचे, हे जगाला कळलं २०१६ मध्ये. तेव्हा जाहीर करण्याचा नियम नव्हता, मान्य. पण १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून पैसे घेत होता, ते लपवलं. पेपर पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडलं! तोवर किती आईबापांनी धास्तीने लस टाळली असेल?

कंपन्यांच्या पैशाशिवाय औषधांच्या बऱ्याच मोठ्या चाचण्या होत नाहीत, हेही खरं. घ्या पैसे. सांगा फक्त.

नवख्या पोरांवर माझा राग नाही. गाइड म्हणतो ‘नाही लिही’, ती लिहितात. त्यांना हे कुणी नीट बसून शिकवलेलंच नसतं. राग आहे तो ‘करून टाका’ म्हणणाऱ्या संपादकांवर. तेच स्वतःचे पेपर स्वतःच्याच जर्नलमध्ये छापतात आणि ते कुणी हाताळले याचा पत्ता लागू देत नाहीत. मला ‘विश्वास आहे’ लिहिणाऱ्याने त्या सहकाऱ्याचा पेपर शेवटी कुणाकडे दिला असेल, हा विचार अजून छळतो.

आजच्या पेपरबद्दल त्या जर्नलला मेल टाकलाय. दुरुस्ती छापा, आणि ती पेपरच्या डोक्यावर दिसू द्या, कुठल्यातरी कोपऱ्यात नको. तुमच्यापैकी जे संपादक मंडळांवर आहेत त्यांना हात जोडून विनंती: पेपर स्वीकारण्याआधी लेखकाचं नाव आणि कंपनीचं नाव एकदा एकत्र शोधून बघा.