पैसे भरून लेख छापणं: लॉ जर्नलबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

सोलापुरात कायदा शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लॉ जर्नलमध्ये लेख यायचा तर दीड-दोन हजार भरावेच लागतात, आयएसएसएन हा क्रमांक असला की जर्नल अस्सल, लेख एकदम दहा ठिकाणी पाठवावा, आणि सोलापूरचा पत्ता बघून मोठी जर्नलं लेख उघडतही नाहीत. एलएलएमची (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं यावर विश्वास ठेवून घरून पैसे मागवताहेत. फार वाईट वाटतं, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी पैशांचं. बंगळुरूचा ‘नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू’ आणि कोलकात्याचा ‘एनयूजेएस लॉ रिव्ह्यू’ ही देशातली नावाजलेली जर्नलं. दोन्हींचे संपादक विद्यार्थी आहेत आणि लेखकाकडून कुणीही पैसे घेत नाही. विज्ञान-वैद्यकातली काही चांगली जर्नलं शुल्क घेतात हे खरं, पण परीक्षण होऊन लेख स्वीकारल्यावर. मेसेजमधल्या अशा पैसे मागणाऱ्या जर्नलला मात्र लेख पाठवला की दोन दिवसांत ‘अभिनंदन’ येतं आणि खाली क्यूआर कोड. दोन दिवसांत तो लेख वाचला कोणी, तळटीपा ताडून बघितल्या कोणी? खऱ्या परीक्षणाला महिने लागतात आणि बहुतेकदा लेख दुरुस्त्यांसाठी परत येतो.

आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक. तो फुकट मिळतो, आणि देताना लेखांचा दर्जा कोणी तपासत नाही. ‘यूजीसी केअर लिस्टेड’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य जर्नलांच्या यादीतलं, हे लेबलही आता निकामी आहे, कारण ती यादी बंद केल्याचं यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं.

दहा ठिकाणी पाठवायचा सल्ला अमेरिकेतून आलाय. तिथल्या विद्यार्थी-संपादित लॉ रिव्ह्यूंना ते चालतं. आपल्याकडची बहुतेक जर्नलं मात्र ‘हा लेख अन्यत्र विचाराधीन नाही’ असं लिहून घेतात. असं लिहून देऊन दुसरीकडेही पाठवला, तर ती सरळ फसवणूक होते.

आता पत्त्याचं. हाच मुद्दा मुलांचं मन सगळ्यात जास्त खचवतो. ब्लाइंड रिव्ह्यू, म्हणजे लेखकाचं नाव लपवून परीक्षण, असलेल्या जर्नलला लेख पाठवताना फाइलमध्ये नाव आणि कॉलेज ठेवायचंच नसतं. वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये राहिलेलं नावही पुसायचं, ‘माझ्या आधीच्या लेखात’ अशी तळटीप असेल तर तीही बदलायची. मग परीक्षकाला सोलापूर कळणार कुठून? लेख परत येतात ते वेगळ्या कारणाने. बेअर अॅक्टमधली (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुरातली) कलमं उतरवलेली, चार निकालांचे सारांश, आणि शेवटी ‘कडक अंमलबजावणी व्हावी’. त्यात लेखकाचं स्वतःचं म्हणणं सापडत नाही.

आणि विषय तर आपल्या दारात आहेत. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा माल कारखान्याने नाकारला, तर तो वाद कसा सोडवायचा हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याच्या कलम ३९ मध्ये होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ‘मंगलोर गणेश बीडी वर्क्स’ निकालात तो कायदा वैध ठरवला. आता तो कायदा जिच्यात सामावला त्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत त्या कलमाचं काय झालं, आणि माल नाकारला गेलेली बाई आज जाणार कुणाकडे? विडी कामगारांच्या वस्तीत जाऊन, जुनी प्रकरणं वाचून यावर लिहिणं सोलापूरच्या विद्यार्थ्याला जितकं सोपं आहे तितकं दिल्लीच्या विद्यार्थ्याला नाही.

लेख झाला की त्या जर्नलच्या सूचना ओळ न् ओळ वाचा. शब्दमर्यादा किती, तळटीपा ब्लूबुकप्रमाणे हव्यात की ऑस्कोलाप्रमाणे (या संदर्भ लिहिण्याच्या दोन पद्धती), हे तिथे दिलेलं असतं.

ज्यांनी पैसे भरलेत पण लेख अजून छापून आलेला नाही, त्यांनी आजच ईमेल करून लेख मागे घ्यावा आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नये. तिथे एकदा छापला गेला की तोच लेख चांगलं जर्नल घेणार नाही.