ग्राइंडर नवा की रिफर्बिश्ड? आधी तो कोणी उघडला ते विचारा

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. मावसभावाला कॉफी ग्राइंडर घ्यायचाय, मी सुट्टीला परदेशातून भारतात येणार आहे म्हणजे ताई येताना घेऊन येईल हे त्याने धरूनच चाललंय, आणि मी सहज लिहिलं की माझा रिफर्बिश्ड आहे, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून परत विकलेला, चार वर्षं झाली, एकदम मस्त चालतोय, तूही तसाच बघ. झालं. आत्याचा लगेच मेसेज, "अगं, कुणीतरी वापरून टाकलेली वस्तू कशाला घ्यायची? एवढं कमावतेस ना?" भाऊ म्हणाला, ताई, नवा घेतला की डोक्याला ताप नाही.

इथे ऑफिसात नेमकं याच्या उलट. माझ्या इथल्या मैत्रिणीचं ठाम मत की नवीन मशीन घेणं म्हणजे कचऱ्यात भर, जुनं मिळत असेल तर जुनंच घ्यायचं, विषय संपला. मी दोन्हीकडचं ऐकते आणि मला मनापासून वाटतं की दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. मशीन नवं की जुनं हे नंतर बघू, त्याच्या पोटात काय आहे आणि ते कोणी उघडून पाहिलंय हे आधी बघायला हवं.

ग्राइंडरच्या पोटात असतात बर, म्हणजे दोन दातेरी चकत्या, एक स्थिर आणि एक फिरणारी, अगदी जात्याच्या वरच्या-खालच्या तळीसारख्या. दोघींमधल्या फटीवर कॉफी किती बारीक येणार ते ठरतं. दात धारदार असले की बी कापली जाते आणि कण बऱ्यापैकी सारखे येतात. धार गेली की ती चिरडली जाते, पीठ जास्त, मध्येच जाडे तुकडे, मग एकाच कपात कडूही लागतं आणि आंबटही. स्वस्तातला नवाकोरा ब्लेडवाला ग्राइंडर पहिल्या दिवसापासून हेच करतो कारण त्यात फटच नसते, पातं फिरतं आणि जे सापडेल ते तुटतं. म्हणून त्याच पैशात चांगल्या दर्जाचा रिफर्बिश्ड बर ग्राइंडर मिळत असेल तर मी दोनदा विचार करणार नाही.

आता आत्याची "वापरलेला" ही भीती. किती वापरला ते मोजता येतं हो. घरात दिवसाला २० ग्रॅम कॉफी दळली तर वर्षाचे होतात साधारण सव्वासात किलो. चांगल्या स्टीलच्या बर काहीशे किलो दळून होईपर्यंत टिकतात. म्हणजे घरात दोन वर्षं वापरलेल्या ग्राइंडरच्या बरने अजून काहीच आयुष्य बघितलेलं नाही. पण तोच ग्राइंडर कॅफेतला असेल आणि दिवसाला पाच किलो दळत असेल तर दोन महिन्यात ३०० किलो झाले! विकणाऱ्याला मशीन किती वर्षांचं आहे हे विचारून उपयोग नाही, ते घरातलं की कॅफेतलं आणि बर बदलल्या का हे विचारायचं. बदलल्या असतील तर कॅफेतला जुना ग्राइंडरही उत्तम, ती बॉडी आणि मोटर दिवसभर राबायलाच बनवलेली असते.

रिफर्बिश्ड या शब्दावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका, हे मी मैत्रिणीलाही सांगितलं. माझा पहिला अनुभव वाईट होता. एका विक्रेत्याकडून घेतलेला, बाहेरून चकाचक, खोका नवा, आत चिठ्ठी की तपासून पाठवलाय. वरची बर काढली तर खाली काळपट तेलकट थर, बोटाने खरवडला तर मेणासारखा निघाला, आणि वास कुबट, जुन्या तेलाच्या डब्याला येतो तसा. कॉफीच्या बीत तेल असतं, ते साचून खवट होतं आणि नव्या कॉफीलाही तोच वास लागतो. म्हणजे मशीन कोणी उघडलंच नव्हतं, नुसतं पुसलं होतं. परत केला. मुदत होती म्हणून करता आला, ती नसती तर पैसे गेलेच होते.

तेव्हापासून घरी आला की आधी प्लग काढून उघडते. बरच्या धारेवर नख हलकंसं फिरवायचं, अडकलं तर धार आहे, गुळगुळीत सरकलं तर गेली. फिरणारा भाग धरून बाजूला हलवून बघायचा, डगमगला तर नको. आणि सुटे भाग मिळतात का हे घेण्याआधीच बघून ठेवायचं. बराट्झासारखी कंपनी स्वतःचे रिफर्बिश्ड ग्राइंडर विकत आलीय आणि सुटे भागही विकते, त्यांच्या एन्कोर मॉडेलमध्ये बर धरणारा प्लास्टिकचा भाग मुद्दाम नाजूक ठेवलाय, बियांमध्ये खडा आला तर तो तुटावा आणि गिअर वाचावेत. तो स्वस्तात मिळतो, घरी बसवता येतो. अशा मशीनच्या बाबतीत नवं-जुनं हा भेदच फारसा उरत नाही.

आत्या, तुमच्या मिक्सरचा कपलर किती वेळा बदललात? मोटरचे कार्बन ब्रश? कुणी म्हटलं का तेव्हा की मिक्सर आता उष्टा झाला? दुरुस्ती आपल्याला नवी नाही, फक्त ती आपल्या डोळ्यांसमोर व्हावी लागते, आणि तो आग्रह मला अगदी रास्त वाटतो. इथे लोक लेबल वाचून निर्धास्त होतात. सुटे भागच मिळत नसतील, परत घ्यायची अट नसेल, वॉरंटी शून्य असेल आणि किमतीतला फरक किरकोळ असेल, तर सरळ नवा घ्यावा, भाऊ तिथे बरोबर आहे.

पण मी इथून आणावा हे नाही जमणार. इथे भिंतीत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज उतरतं पण हर्ट्झ तेच राहतात, आणि इंडक्शन मोटर असेल तर ती हर्ट्झवरच चालते, म्हणजे वेग सहाव्या हिश्श्याने कमी आणि मोटर जास्त तापणार. वर वॉरंटीसाठी परत पाठवायचा तर समुद्रापलीकडे. त्याने तिथेच घ्यावा, २३० व्होल्टचा, घरात वापरलेला किंवा कंपनीने स्वतः तपासलेला.

बरला मात्र व्होल्टेज नसतं. नवीन जोडी तळहातावर मावते, बॅगेत सहज येते. काल त्याला लिहिलंय, मॉडेल ठरलं की नंबर पाठव, मी निघायच्या आधी मागवून ठेवते आणि आल्यावर आपण दोघं मिळून बसवू, आत्यालाही समोर बसवून.