१९७१ च्या युद्धातील 'अमेरिकी वैमानिकां'विषयी खुलासा

विजय दिवस जवळ आला की साताऱ्यातील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो: १९७१ च्या युद्धात अमेरिकेने आपली विमाने आणि वैमानिक गुपचूप पाकिस्तानला दिले. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावे असलेल्या या जिल्ह्यात तो विश्वासाने वाचला जातो, म्हणून हा खुलासा आवश्यक वाटतो.

अमेरिकी वैमानिक या युद्धात लढल्याचा पुरावा नाही. गुप्त मदत मात्र झाली, आणि ती संदेशात सांगितली आहे त्याहून गंभीर आहे. अमेरिकी बनावटीची विमाने जॉर्डनने पाकिस्तानला देणे कायद्यात बसत नाही, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने बजावलेले असतानाही राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी जॉर्डनच्या राजे हुसेन यांना खासगीरीत्या संमती कळवली, आणि जॉर्डनची एफ-१०४ स्टारफायटर विमाने पाकिस्तानात पोहोचली. इतकेच नव्हे, तर १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये किसिंजर यांनी चीनचे प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांना या हस्तांतराची माहिती स्वतः दिली. पुढे खुल्या झालेल्या अमेरिकी सरकारी कागदपत्रांतच हे सारे नोंदलेले आहे.

अमेरिकेची विमानवाहू 'एंटरप्राइज' नौका बंगालच्या उपसागरात आली, हेही खरे. परंतु तिने एकही हल्ला केला नाही आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.