कोंबडीच्या घशात फेणी ओतायची नसते, मावशी

गेल्या रविवारी साखळीहून मावशीचा फोन. "अगे, ती तांबडी मेली. फेणी दिली तरी मेली." मी म्हटलं फेणी? कोंबडीला? तर म्हणे भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय, सगळ्यांनी वाचलंय, तुला कसं नाही आलं?

मग आलं, संध्याकाळपर्यंत तीन ठिकाणांहून आलं. 'गावठी कोंबडीचे ७ रामबाण घरगुती उपाय, डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.' खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'. डॉक्टर सांगणार नाहीत हे मात्र अगदी खरं, कारण सांगितलं तर त्याची डिग्री काढून घेतील.

तांबडीचं झालं होतं असं की शेजारच्या कुत्र्याने तिला पाठीवर धरलं, मावशीने काठी घालून सोडवलं, बाहेरून बघायला गेलं तर दोनच भोकं, पण ती मान टाकून बसली. मग मावशीने मोबाईल उघडला आणि पहिला उपाय वाचला. तो असा: कोंबडी मलूल झाली, अंग गरम लागलं की एक मोठा चमचा काजू फेणी थोड्या पाण्यात, त्यात अर्धी पॅरासिटामॉल कुटून, चोच उघडून सरळ घशात ओता, दहा मिनिटांत उभी राहते.

यातला एकेक शब्द चुकलाय, म्हणून इथे जरा थांबते.

अंग गरम लागलं म्हणजे ताप, हे माणसाचं. कोंबडीचं नेहमीचं तापमानच ४१-४२ डिग्री असतं. आपल्या हाताला ती कधीही धरली तरी गरमच लागणार, म्हणजे या हिशोबाने गोव्यातली प्रत्येक कोंबडी बारा महिने तापाने फणफणलेली आहे.

आता फेणी. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, तांबडी असेल दीड किलोची. हेच प्रमाण साठ किलोच्या माणसाला लावलं तर ६०० मिली होतं, एका दमात, आणि ते पण कुत्रा चावून पडलेला असताना. पाणी घातल्याने दारू कमी होत नाही, फक्त पातळ होते. फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे गोव्याचीच खास वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं ते पेय म्हणून, कोंबडीचं औषध म्हणून नव्हे. आणि ऊब येते वगैरे जे वाटतं ते कातडीकडे रक्त धावतं म्हणून, आतलं अंग उलट लवकर गार होतं.

पण समजा फेणी नाही, नुसतं पाणी ओतलं तरी 'घशात ओता' हीच मूळ चूक आहे. एखादी धडधाकट कोंबडी हळूच धरून तिची चोच उघडून बघा, जिभेच्या मागेच एक उभी फट दिसेल, उघडझाप करणारी. ती श्वासनळी. आपल्या श्वासनळीवर झाकण असतं, कोंबडीला तसलं झाकणच नाही, गिळताना ती फट स्वतः मिटून घेते. शुद्धीवर असलेली कोंबडी मिटते, मान टाकलेली मिटतेच असं नाही. मग ओतलेलं सगळं फुप्फुसात, आणि तिथून पुढे पोटात-छातीत पसरलेल्या हवेच्या पिशव्या असतात त्यांच्यात. खोकून बाहेर काढायला तिच्याकडे आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदाही नाही. 'दहा मिनिटांत उभी राहते' म्हणतात ना, ती मान ताणून चोच वासून उभी राहते कारण तिला श्वास मिळत नसतो. मावशी म्हणाली, "उभी राहिली गे, मग गुरगुर गुरगुर केलं आणि गेली."

कुत्र्यामुळे गेली की फेणीमुळे, मी सांगू शकत नाही. कुत्र्याचा दात बाहेरून टाचणीएवढा दिसतो आणि आत सगळं फाटलेलं असतं, कधी हवेची पिशवी फुटून कातडीखाली हवा भरते आणि कोंबडी फुग्यासारखी फुगते. कदाचित वाचली नसतीच. पण गुरगुर फेणीची होती.

पाणी द्यायचंच असेल तर ती मान धरत असेल तरच. बोट बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, ती गिळते का बघायचं, मग दुसरा. गुळाचं पाणी एखाद दिवस चालतं. मान धरत नसेल तर तोंडात काहीही नाही. खोक्यात सुकं गवत, अंधार, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, म्हणजे उकडलं तर दुसऱ्या बाजूला सरकेल. एवढ्यावरच बऱ्याच कोंबड्या सावरतात.

दुसरा उपाय, जखमेवर हळद आणि चुना. हळदीला मी काही बोलत नाही, आईने माझ्या गुडघ्यावर पण तीच दाबलीय, नुकसान फारसं नाही. पण पानाचा चुना उघड्या मांसावर? तो भाजतो हो. अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्याने धुवा, वर पोव्हिडोन आयोडिन चहाच्या रंगाएवढं पातळ करून. आणि पावसात हिरव्या माश्या बसू देऊ नका, दुसऱ्या दिवशी किडे दिसतात. फक्त पंखाचं वरचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्यावर पाणी ओतू नका, ते हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या पिशवीला जोडलेलं असतं, पाणी आत जातं.

मोडक्या पायाला बांबूची कामटी बांधा म्हणतात ते बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. घट्ट बांधायची नाही, बोटं थंड पडली तर सोडायची, तीनेक आठवडे धरायचे.

'आजारी कोंबडी एकटी ठेवू नका, झुरते' हे वाचून मला हसू आलं. कोंबड्यांना रक्त दिसलं की त्या सांत्वन करत नाहीत, टोचतात. आणि रोग असेल तर बाकीच्यांना पण मिळतो. पहिलं काम वेगळं करणं.

घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक द्या म्हणे. कुठल्या रोगाला ते लिहिलेलंच नाही. मान वाकडी होते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, ती विषाणूने होते. तुऱ्यावर फोड येतात ती देवी, ती पण विषाणूने, डास पसरवतात. दोन्हीवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. मर्कचं पशुवैद्यकीय मॅन्युअल इंटरनेटवर फुकट आहे, जगभरचे डॉक्टर वापरतात, त्यात दोन्हींवर उपचार नाही असंच दिलंय, लस टोचा म्हणतात. शिवाय औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडं तुमचाच नातू खातो.

यावर पोस्ट म्हणते लस ब्रॉयलरला, गावठीला गरज नाही. विषाणूला कोंबडीची जात कळत नाही. राणीखेतची लासोटा नावाची लस पाच-सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात थेंब घालून देतात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमाराला त्याच रोगाच्या आर टू बी या लसीचं इंजेक्शन. अडचण खरी एकच आहे, बाटली शंभर-दोनशे डोसांची येते, कालवली की काही तासांत संपवावी लागते आणि बर्फात ठेवावी लागते, मावशीच्या सहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

शेवटचा तर कहर. 'बरी होत नसेल तर कापून शिजवा, शिजल्यावर काही होत नाही.' नीट शिजल्यावर विषाणू मरतो, बरोबर, ७० डिग्रीला मरतो. पण शिजायच्या आधी कापणार कोण, पिसं काढणार कोण? बर्ड फ्लूमध्ये धोका तिथेच असतो. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात देशात पहिल्यांदा सापडला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. एकाच वेळी तीन-चार कोंबड्या पटापट मेल्या तर हात लावायचा नाही, दवाखान्यात कळवायचं. नुसत्या कुत्रा चावलेल्या कोंबडीची गोष्ट वेगळी, पण तिच्यात गोळ्या आणि फेणी ओतल्यावर ती शागुतीच्या, म्हणजे आपल्या कोंबडीच्या रश्श्याच्या पण कामाची राहत नाही.

मावशीने पोस्ट चौदा जणांना पाठवली होती, दहा म्हटलेलं असताना. काल तिच्या शेजारी बसून एकेकाला फोन लावले. अकरा झाले. दोघी म्हणाल्या आमच्याकडे कोंबड्याच नाहीत. एक फोन उचलत नाही, आणि मावशी म्हणते त्याच्याच घरी फेणी असते.