नव्वद दिवसांत कोरियन? मराठी माणसासाठी खरा हिशेब

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: कोरियन लिपी एका तासात येते, व्याकरण मराठीसारखंच आहे, शब्द देवनागरीत लिहून पाठ करा, सबटायटल लावून मालिका बघा, 90 दिवसांत बोलू लागाल. यातलं एक विधान बरंचसं खरं आहे. त्याच्याच जोरावर बाकीची खपून जातात.

ते खरं विधान व्याकरणाचं. 'सांगलीहून साताऱ्यापर्यंत बसने गेलो' हे कोरियनमध्ये 'सांगली-एसॉ सातारा-क्काजी बॉसु-रो गास्सॉयो' होतं. क्रम तोच, हून, पर्यंत, ने यांच्या जागी एसॉ, क्काजी, रो. 'खाऊन बघ'मधला 'बघ' आणि 'करून दे'मधला 'दे' तिथेही त्याच जागी, त्याच अर्थाने येतात. लिंगभेद तर नाहीच. म्हणून इंग्रजी पुस्तकातून शिकत असाल, तर वाक्य इंग्रजीमार्गे न नेता थेट मराठीवर बसवा.

पण 'सारखंच' नाही. 'आजी आल्या' हे वाक्य आपण मित्राला सांगितलं काय नि साहेबांना सांगितलं काय, बदलत नाही. कोरियनमध्ये आजीचा मान क्रियापदाच्या पोटात 'शी' घालून राखतात आणि ऐकणाऱ्याचा मान शेवटच्या प्रत्ययात. मित्राला 'ओश्यॉस्सॉ', साहेबांना 'ओश्यॉस्सुम्निदा'. शब्दकोशात 'तुम्ही'ला 'दांगशिन' दिसेल. साहेबांना ते म्हणू नका, उद्धट वाटतं. हुद्दा आणि पुढे 'निम' म्हणायचं.

लिपीचं म्हणाल तर राजा सेजोंगने 1446 साली जाहीर केलेल्या हंगुलमध्ये आज 14 व्यंजनं आणि 10 स्वर मूळ धरतात, जोडाक्षरांसह 40. त्यांची तोंडओळख एका दिवसात होते, वाचन होत नाही. अडचण संधीची आहे. वाक् + मय = वाङ्मय हे आपण शाळेत शिकलो; मराठीत लिखाणही बदलतं, कोरियनमध्ये फक्त उच्चार बदलतो. लिहायचं 'गुक-मुल' (रस्सा), म्हणायचं 'गुङमुल'. लिहायचं 'शिप-मान' (एक लाख), म्हणायचं 'शिम्मान'. शब्दाच्या शेवटी अक्षर कोणतंही असो, ध्वनी सातच: क, न, त, ल, म, प, ङ. रोज वीस मिनिटं ऑडिओसोबत मोठ्याने वाचलं, तर दोन-तीन आठवड्यांत हे अंगवळणी पडतं.

सर्वांत जास्त नुकसान देवनागरीत लिहिण्याने होतं. बुल म्हणजे आग, फुल म्हणजे गवत, प्पुल म्हणजे शिंग. 'प्प' म्हणजे गळा आवळून काढलेला आपला 'प'. 'फ' ओठ मिटून काढायचा, 'फॅन'मधला नव्हे. आणि बुलचा 'ब' शब्दाच्या सुरुवातीला ना धड ब, ना प. दोन स्वरांमध्ये मात्र खरा ब. आजच्या सोलच्या बोलीत बुल आणि फुल यांतला फरक मुख्यतः सुरातून कळतो: बुल खालच्या सुरात, फुल वरच्या. वहीत 'ब' लिहिलात की हा सूर कानातून जातो. वर 'बॉसु' लिहिलं, तो 'सु'ही खरा नाही. तिथला स्वर 'ई'सारखे ओठ ताणून 'उ' म्हटल्यावर येतो. त्याला देवनागरीत चिन्हच नाही. आठवड्याभरात देवनागरी सोडा.

मालिकांबद्दल थोडक्यात: सबटायटल वाचताना कान बंद राहतो, आणि संवाद बहुधा जवळच्यांमधले, अरे-तुरेचे असतात. दोन मिनिटांचा तुकडा सबटायटलविना तीनदा ऐका, मग कोरियन सबटायटल लावून ताडून पाहा.

अंकांबद्दल मेसेज गप्प आहे. सव्वातीन वाजले, तर तास देशी, म्हणजे अस्सल कोरियन अंकात (से शी) आणि मिनिटं चिनी मुळाच्या अंकात (शिबो बुन). मोठ्या रकमा दहा हजाराच्या 'मान'मध्ये मोजतात: एक लाख म्हणजे 10 मान, दीड लाख म्हणजे 15 मान. मनातल्या मनात लाखाचं मान करायला सराव लागतो.

आता 90 दिवस. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीला सुमारे 800 शब्द लागतात, म्हणजे रोज नऊ नवे, शिवाय जुन्यांची उजळणी. कोरियनमधले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत, त्यामुळे संस्कृतचा आधार नाही. नोकरी सांभाळून रोज तास दिला, तर या पातळीला सहा ते आठ महिने धरा. पहिल्या दोन पातळ्यांच्या टोपिक-1 परीक्षेत ऐकणं आणि वाचणंच तपासतात. 200 पैकी 80 गुण मिळाले की पहिली पातळी मिळते, पण बोलण्याचा तिथे संबंध नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटं आपला आवाज फोनवर रेकॉर्ड करून मूळ ऑडिओशी ताडावा लागतो. सुरुवात बुल, फुल, प्पुल यांपासून करा.