आमचंच चुकलं

मैत्रिणीच्या मुलाने आपल्या मुलीच्या डोक्यावर मातीचं घमेलं उपडं केलं, तर ओरडायचं कोणाला? अर्थातच आपल्या मुलीला. ‘तू कशाला मध्ये कडमडलीस?’

अनोळखी मुलाशी भांडण झालं तर सगळं सोपं असतं. आपण त्याच्या आईकडे एक जळजळीत नजर टाकतो आणि पोराला उचलून चालू लागतो. पण शाल्मली माझी अकरावीपासूनची मैत्रीण. माझी फिजिक्सची जर्नलं तिने उतरवली आहेत आणि माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तीच रडली होती. आता एकाच सोसायटीत राहतो, तीनच मजल्यांचं अंतर. अशा मैत्रिणीच्या मुलाला ‘चावू नकोस रे’ म्हणायलाही जीभ रेटत नाही.

यंदा दिवाळीच्या किल्ल्याने या नात्याची परीक्षा पाहिली. वसुबारसेच्या आधीच पार्किंगमध्ये विटा रचल्या, चिखलात बुडवलेली पोती त्यावर टाकली, लाल माती थापली, हळीव पेरले. पावसाचा नेम नाही म्हणून वर प्लास्टिकही घातलं. कोणता किल्ला करायचा यावर मुलांच्या आधी बापच भांडले. शाल्मलीच्या नवऱ्याचं म्हणणं, 2025 मध्ये युनेस्कोने जे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यातलाच करायचा, म्हणजे राजगड. माझ्या नवऱ्याला सिंहगड हवा होता. तो दर रविवारी सिंहगड चढतो (खरं म्हणजे पिठलं-भाकरीसाठी), आणि सिंहगड त्या यादीत नाही हे त्याने मनाला लावून घेतलंय. शेवटी राजगड ठरला. पाहुणचार म्हणून आम्ही हरलो.

किल्ला झाला आणि कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं मांडायची वेळ आली. वाघ महाराजांच्या दुप्पट होता, गवळण तोफेपेक्षा उंच. त्याचं कोणालाच काही नव्हतं. सिंहासनावरचे महाराज कोण ठेवणार, एवढाच प्रश्न होता. ओवी साडेपाच वर्षांची, ईशान पाचचा. क्षणात भाला ओवीच्या हातात आणि भाल्याविना मावळा ईशानच्या हातात, अशी स्थिती झाली. मग ईशानने ओवीच्या दंडाचा चावा घेतला आणि ओवीने त्याच्या झिंज्या धरल्या.

आम्ही दोघी धावलो. “ओवी, आधी सॉरी म्हण!” मी. “अजिबात नाही, ईशान, तू आधी म्हण!” शाल्मली.

“अगं, आमचीच द्वाड आहे.”

“छे गं, ओवी किती समजूतदार! आमचाच आगाऊ.”

“ईशान आगाऊ? आमची आजीला उलटून बोलते.”

“आमचा आजोबांची कवळी लपवतो.”

“आमची नाकातलं सोफ्याला पुसते.”

“आमचा अजून रात्री गादी ओली करतो!”

इथे शाल्मली जिंकली. ईशान मात्र आईकडे असा बघत राहिला, की सूर्याजी पिसाळ म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं असावं. सॉरी कोणीच म्हटलं नाही.

“मुलांचं मुलांना मिटवू दे,” शाल्मलीचा नवरा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. माझ्या नवऱ्याने मात्र इतिहास काढला. दोघांना समोर बसवून पुरंदरचा तह सांगितला: 1665 साली महाराजांनी 23 किल्ले मिर्झाराजांना दिले, 12 स्वतःकडे ठेवले. कधीकधी चार पावलं मागे यावं लागतं, वगैरे.

“मग ते किल्ले तसेच गेले?” ओवीने विचारलं.

“छे! 1670 मध्ये तानाजींनी सिंहगड परत घेतला की!” नवऱ्याची छाती फुगली.

“हां,” ओवी म्हणाली आणि महाराज ईशानच्या हातात दिले. “मग आत्ता ठेव तू. मी नंतर घेईन.”

खरे निकाल आपापल्या घरी, रात्री, दबक्या आवाजात लागतात. “तो ईशान ना, फारच शेफारलाय,” मी म्हणाले. बाजूला ओवी डोळे मिटून झोपली होती. म्हणजे मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ओवीने माझ्याकडे तक्रार आणणंच बंद केलं. ती थेट तीन मजले चढून शाल्मलीमावशीकडे जाऊ लागली, कारण तिथे निकाल कायम तिच्या बाजूने. ईशान त्याच वेळी माझ्या दारात. “मावशी, ओवी मला तोफ देत नाही.” मी काय करणार? दिली. मग नैवेद्य व्हायच्या आधी त्याने भाजणीची चकली मागितली. मैत्रिणीच्या मुलाला नाही कसं म्हणायचं? तिकडे ओवी शाल्मलीकडून करंज्या घेऊन उतरत होती. जिन्याखाली दोघांची वाटणी चालायची, तीही भांडण न करता. वर आम्ही दोघी आपल्या पोरांचं कसं छान जमतंय यावर खूश.

पाडव्याच्या रात्री शाल्मलीचा फोन आला. “अगं, ओवी विचारतेय, आज आमच्याकडे झोपू का. नाही म्हणवेना मला.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात ईशान, बगलेत उशी.

“ये रे राजा,” मी म्हणाले, आणि नवऱ्याला किल्ल्यावरचं प्लास्टिक काढून आणायला खाली पिटाळलं.