आमच्याच गल्लीत भाडेकरू

आमची इमारत पाडायचं ठरलं तेव्हा अठराच्या अठरा बिऱ्हाडांनी पेढे खाल्ले. कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या आसपास अशा तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती पुष्कळ. बँकेतल्या, टेल्कोतल्या, बजाजमधल्या माणसांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले, तेव्हा पेठेतले नातेवाईक म्हणायचे, "एवढ्या लांब?" आता त्या घरांतली मुलं बे एरियात आणि गुडघे तिसऱ्या मजल्यावर. पुनर्विकास होणारच होता.

बांधकाम होईपर्यंतचं भाडं बिल्डर देणार होता. घर मात्र आपलं आपण शोधायचं. अठराही कुटुंबांना ते याच गल्लीत हवं होतं, आणि शेजारच्या गल्लीत आणखी दोन इमारती पडल्या होत्या. पेढा वाटणारा शेजारी आठवड्याभरात प्रतिस्पर्धी झाला. कुठे फ्लॅट पाहिला हे कोणी सांगेना.

आईची हद्द ठरलेली: करिष्मा चौक ते कर्वे पुतळा. एमआयटीच्या पुढे तिच्या लेखी मुळशी. वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये धावली, तेव्हापासून एजंटांचा प्रत्येक फ्लॅट मेट्रोपासून पाच मिनिटांवर असतो. आई घड्याळ लावून चालली. अठरा मिनिटं. वाटेत भेटलेल्या दोन मैत्रिणींचा वेळ वजा करून.

शेवटी एक काका मिळाले. वय ८२, मुलगी सिएटलला. त्यांनी आमची मुलाखत घेतली.

"घरी कोणी वाजवतं का?"

"काय?"

"तबला, पेटी, काहीही."

"नाही."

"शिकणार आहे का?"

मी गप्प बसलो. बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी असताना नव्या भाडेकरूंना मीही असलंच काहीबाही विचारत आलो होतो. एका बिचाऱ्याला तर स्कूटरचा हॉर्न वाजवून दाखवायला लावला होता.

करार अकरा महिन्यांचाच. मुदत कितीही असली तरी आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स नोंदवावा लागतोच, तरी अकराचा आकडा कोणी सोडत नाही. नोंदणीसाठी एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. काकांचा अंगठा लागेना. आयुष्यभर बँकेत नोटा मोजून रेषा झिजल्या, असं त्यांचं म्हणणं. साबणाने धुतला, पंच्याने पुसला, व्हॅसलीन लावलं. "केसांवरून फिरवा," मुलगा म्हणाला. काकांनी टकलावरून हात फिरवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग आईने पुढे होऊन तो अंगठा धरला आणि बाळाला काजळ लावावं तसा काचेवर दाबला. हिरवा दिवा लागला. काकांनी चहा टाकला. डिपॉझिट तीन महिन्यांचं घेणार होते, ते दोनवरच थांबले.

निघताना त्यांनी एक झेरॉक्स हातात दिली. "नियमावली. नीट वाचा. मी नाही केलेली, पलीकडच्या एका सोसायटीतून आणलीय. फार कडक माणूस होता म्हणे तिथला सेक्रेटरी."

नियम ९: दुपारी १ ते ४ पाहूण्यांनी जिन्यात बोलू नये.

'पाहूण्यांनी'तला तो दीर्घ ऊ माझा होता. आईने तो बाराही वर्षं दर सभेत दाखवून दिला होता. आता ती चष्मा पुसत होती.